नेम आणि पडताळा : स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचारातील लक्ष्यवेधाच्या तपासणीचा इतिहास आणि वर्धा जिल्हा

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासलेखनात यंत्रांच्या आगमनाला जेवढे स्थान मिळते, तेवढे त्या यंत्रांच्या तपासणीला मिळत नाही. क्ष-किरण नळी केव्हा आली, रेडियम कोणी आणले, कोबाल्ट यंत्राचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, याच्या नोंदी सहज सापडतात. किरण योग्य जागी व योग्य प्रमाणात पडले की नाही, हे कोणी, कशाने व किती दिवसांच्या अंतराने पाहिले, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांचा समजून बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखात स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचाराच्या संदर्भात याच दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे. त्यासाठी वर्धा जिल्ह्याची पार्श्वभूमी घेतली आहे.

वर्धेची निवड करण्यामागे कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेरा लाखांवर लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण मोठे आहे. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या स्त्रीला पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे झाले, तर पंचवीस दिवसांची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्या माणसाचा रोज या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो. हा उपचार पाच दिवसांत आटोपण्याची शक्यता वैद्यकाने आता निर्माण केली आहे. परंतु दिवस जितके कमी, तितकी प्रत्येक दिवसाच्या नेमाची किंमत अधिक. त्यामुळे नेम तपासण्याचा प्रश्न ग्रामीण स्त्रीच्या दृष्टीने चैनीचा न राहता तिच्या उपचारहक्काचा होतो.

मात्रेपूर्वीचा काळ

विल्हेल्म रोंटगेन याने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, शिकागो येथे स्तनाच्या कर्करोगावर आपण हे किरण वापरले, असा दावा एमिल ग्रुबे याने पुढे केला. दाव्याची सत्यता विवाद्य आहे. मात्र एवढ्या लवकर असा प्रयत्न सुचावा ही गोष्ट बोलकी आहे. त्या काळी मात्रा मोजण्याचे साधन म्हणजे रुग्णाची त्वचा. ती लाल झाली की मात्रा पुरेशी झाली असे मानीत. आत, गाठीपर्यंत किती पोहोचले, हे समजण्याचा मार्ग नव्हता.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात तेव्हा अमेरिकेतील विल्यम हॉलस्टेड याच्या समूळ स्तनच्छेदनाचा प्रभाव होता. त्याला छेद देणारा एक प्रयोग १९२० च्या दशकात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स याने केला. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचा हा धाकटा भाऊ. स्तन न काढता त्यात रेडियमच्या सुया खोचून उपचार करण्याची ही पद्धत होती. सुई गाठीतच असल्याने नेम धरण्याचा प्रश्न बराचसा आपोआप सुटत असे. स्तनाचा आकार, श्वासाबरोबरची हालचाल, रुग्ण टेबलावर कशी झोपली आहे, यांपैकी कशानेही सुई व गाठ यांचे नाते बिघडत नव्हते. किरणांचा उगम शरीराबाहेर गेला तेव्हा नेमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला. पुढच्या काळात यंत्रे अधिक शक्तिशाली होत गेली, त्याबरोबर लक्ष्य चुकण्याचे मार्गही वाढत गेले, ही बाब तंत्रज्ञानाच्या गौरवगाथांमध्ये सहसा येत नाही.

परळ आणि तुर्भे

महाराष्ट्रातील या इतिहासाचा प्रारंभ मुंबईच्या परळ भागात होतो. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजी टाटाही निवर्तले. त्यांच्या न्यासाने उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे का, असा प्रश्न सामान्य वाचकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे परळचे वैद्य आणि तुर्भ्याचे भौतिकतज्ज्ञ एका छत्राखाली आले. त्याच १९६२ मध्ये तुर्भे येथे रुग्णालयांसाठी किरणोत्सर्ग-भौतिकीचे प्रशिक्षण सुरू झाले. वैद्याने मात्रा लिहून द्यावी व यंत्रातून तेवढीच मात्रा येते की नाही हे स्वतंत्रपणे दुसऱ्या व्यक्तीने मोजावे, ही श्रमविभागणी येथून भारतात रुजू लागली. देशातील पहिले कोबाल्ट यंत्र १९५७ मध्ये मद्रासच्या अड्यार येथील कर्करोग संस्थेत बसले होते. म्हणजे ही यंत्रे देशभर पसरण्यास आणि त्यांच्यासाठी माणसे घडविण्यास साधारण एकाच सुमारास आरंभ झाला.

विदर्भात कर्करोगाविषयीची जाणीव एका वेगळ्या वाटेने आली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने महानिर्वाण झाले. ज्यांची भजने गावोगाव म्हटली जात होती, त्यांनाच या रोगाने नेले, या घटनेने वऱ्हाड-नागपूर भागातील जनमानसात रोगाचे नाव पोहोचले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. वर्धा जिल्ह्यातील अनेक रुग्णांना दीर्घकाळ हेच रुग्णालय जवळचे वाटत आले.

टपालाने येणारा पडताळा

किरणोपचारातील अचूकतेचे दोन भाग पडतात. पहिला मात्रेचा, दुसरा जागेचा. यांपैकी मात्रेच्या तपासणीला संस्थात्मक रूप आधी मिळाले.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे. म्हणजे यंत्रातील उगमाची शक्ती दर महिन्याला सुमारे एक टक्का घटते. काल जेवढ्या मिनिटांत ठराविक मात्रा मिळत होती, तेवढ्याच मिनिटांत ती वर्षानंतर मिळणार नाही. हिशेब वेळोवेळी बदलावा लागतो; आणि जेथे हिशेब आहे तेथे चूक संभवते. १९७६ मध्ये किरणोत्सर्ग एकके व मापने यांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने लक्ष्यातील मात्रा पाच टक्क्यांच्या आत अचूक असावी अशी अपेक्षा व्यक्त केली. ही अपेक्षा किती रास्त होती, हे इंग्लंडमधील दोन घटनांवरून दिसते. एक्सेटर येथे १९८८ मध्ये नवा कोबाल्ट उगम बसविताना मापनात चूक झाली आणि २०७ रुग्णांना सुमारे २५ टक्के अधिक मात्रा मिळाली. स्टोक येथील रुग्णालयात याच्या उलट घडले. संगणकप्रणाली अंतराची दुरुस्ती आपोआप करीत होती, तरी तीच दुरुस्ती पुन्हा हाताने केली जात होती. परिणामी १९८२ ते १९९१ अशी नऊ वर्षे हजाराच्या आसपास रुग्णांना कमी मात्रा मिळत राहिली. दोन्ही ठिकाणी यंत्र बिघडलेले नव्हते. कर्मचारीही निष्काळजी होते असे म्हणता येत नाही. त्यांनी स्वतःच्याच हिशेबाने स्वतःचा हिशेब तपासला, हा दोष होता. जास्त मात्रेची चूक त्वचेवर उमटते व लवकर ध्यानात येते. कमी मात्रेची चूक गाठ परत येईपर्यंत मौन राहते. नऊ वर्षांचा तो कालावधी याच मौनाचा आहे.

अशा चुका पकडण्यासाठी बाहेरचा पडताळा हवा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६९ मध्ये टपालाद्वारे मात्रा तपासण्याची योजना सुरू केली. भारतात १९७६ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या दुय्यम मानक प्रयोगशाळेने हे कार्य हाती घेतले. योजनेची रचना साधी आहे. टी.एल.डी. नावाने ओळखले जाणारे एक चूर्ण लहानशा कुपीत भरून रुग्णालयाकडे पाठविले जाते. रुग्णालयाने आपल्या यंत्राखाली, पाण्यात ठराविक खोलीवर ठेवून, त्या कुपीला आपल्या हिशेबाने नेमकी सांगितलेली मात्रा द्यावयाची व ती परत पाठवावयाची. तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत चूर्ण तापविले असता ते शोषलेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश टाकते. रुग्णालयाने दिली असे म्हटलेली मात्रा आणि चूर्णाने सांगितलेली मात्रा यांची तुलना केली की निकाल हाती येतो. दूरच्या जिल्ह्यातील यंत्राची साक्ष काढण्यासाठी तेथे तज्ज्ञ पाठविण्याची आवश्यकता उरली नाही. टपाल खाते पुरेसे झाले. भारताच्या विज्ञानाच्या इतिहासात अग्निबाणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, या कुपीविषयी फारसे नाही. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाल्यानंतर या सर्व व्यवहाराला नियमनाची चौकटही मिळाली.

तथापि कुपीला मर्यादा आहे. ती यंत्र तपासते. टेबलावर झोपलेली, श्वास घेणारी, पहिल्या दिवशी घाबरलेली व दहाव्या दिवशी सरावलेली स्त्री त्या तपासणीत नसते.

जागेचा प्रश्न : स्तन, फुप्फुस, हृदय

ग्रामीण रुग्णांच्या बोलीत किरणोपचाराला 'लाईट घेणे' किंवा 'शेक देणे' असे म्हणतात. शेक ही सर्वत्र पसरणारी गोष्ट असल्याने या शब्दांत नेमाची कल्पना नाही. किरणोपचाराच्या पहिल्या काही दशकांतील वैद्यकीय व्यवहारही, खरे पाहता, या कल्पनेपासून फार दूर नव्हता. स्तन काढल्यानंतर संपूर्ण छातीवर किरण दिले जात. १९८७ मध्ये जुन्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दहा वर्षांनंतरच्या काळात किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले. पुढील अभ्यासांनी त्याचा संबंध हृदयाशी जोडला. २०१३ मध्ये स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांच्या अभ्यासातून असे दिसले की, हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेत एक ग्रेची वाढ झाली की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. डाव्या स्तनाच्या मागेच हृदय असते. तेथे काही मिलिमीटरचे अंतरही महत्त्वाचे ठरते.

दुसरीकडे किरणोपचाराचे महत्त्व कमी न होता वाढत होते. इटलीतील वेरोनेसी यांनी १९८१ मध्ये व अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांनी स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया व त्यानंतरचा किरणोपचार हा स्तनच्छेदनाइतकाच सुरक्षित असल्याचे दाखविले. २०११ मधील एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, स्तन राखलेल्या स्त्रियांमध्ये किरणोपचारामुळे दहा वर्षांत रोग परतण्याचा धोका ३५ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, किरणोपचार पूर्ण होण्याची खात्री नसेल तर शल्यचिकित्सक स्तन राखण्याचा सल्ला देण्यास कचरतो. अंतर व मजुरी यांमुळे पंचवीस खेपा न करू शकणाऱ्या स्त्रीला अनेकदा रोगापेक्षा रस्त्यामुळे स्तन गमवावा लागतो.

नेम साधण्यासाठी तंत्रज्ञांनी टप्प्याटप्प्याने उपाय योजले. त्वचेवर गोंदणाचे बारीक ठिपके, भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेषा, छातीला स्पर्शून जाणारी तिरपी किरणक्षेत्रे, हात डोक्यामागे ठेवण्यासाठी तिरका फळा, हे त्यांतील प्रारंभीचे होत. (गोंदणाचे ठिपके रुग्ण स्त्रियांना परके वाटले नसावेत, विदर्भातील जुन्या पिढीच्या हातांवर व कपाळावर गोंदण असतेच.) पडताळ्यासाठी आठवड्यातून एकदा किरणक्षेत्राचे छायाचित्र फिल्मवर घेण्याची प्रथा होती. पुढे फिल्मची जागा इलेक्ट्रॉनिक पटलाने घेतली, नंतर यंत्रावरच फिरत्या क्ष-किरणांनी त्रिमितीय प्रतिमा मिळू लागली. गाठ काढलेल्या जागेभोवती शस्त्रक्रियेच्या वेळीच धातूच्या बारीक क्लिपा ठेवल्या, तर मऊ ऊतींमध्ये हरवणारी ती पोकळी प्रतिमेत ओळखू येते. येथे शल्यचिकित्सकाचे सहकार्य अपरिहार्य ठरते. त्याने क्लिपा ठेवल्या नाहीत, तर महागड्या यंत्राला नेम धरण्यासाठी नेमकी खूण उरत नाही.

मेंदूवरील अचूक किरणोपचाराचा मार्ग तुलनेने सुकर होता. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या कल्पनेत कवटीला चौकट घट्ट बसवून त्या चौकटीवरून लक्ष्याचे स्थान ठरविले जाई. स्तनाला कवटी नाही. तो कुशीनुसार, श्वासानुसार, शस्त्रक्रियेनंतर साचलेला द्रव ओसरेल तसा आकार बदलतो. म्हणून लक्ष्याभोवती काही मिलिमीटरची मोकळीक ठेवावी लागते. ती किती असावी याचे एक सूत्र ॲम्स्टरडॅममधील मार्सेल व्हॅन हर्क यांनी २००० मध्ये मांडले : नियोजनात शिरून रोज तशाच राहणाऱ्या चुकांच्या विचलनाची अडीच पट आणि दिवसागणिक बदलणाऱ्या चुकांच्या विचलनाची सात-दशांश पट. सूत्रातील दोन आकडे मात्र पुस्तकात मिळत नाहीत. ते प्रत्येक रुग्णालयाने आपल्या रुग्णांवर, आपल्या टेबलावर, आपल्या कर्मचाऱ्यांच्या हातून मोजावयाचे असतात. मुंबईच्या वा लंडनच्या रुग्णालयाची मोकळीक उसनी घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चोळी शिवण्यासारखे आहे.

पंचवीसवरून पाचवर

एकविसाव्या शतकात दोन प्रवाह एकत्र आले. पहिला, कमी दिवसांत उपचार. ब्रिटनमधील 'स्टार्ट' चाचण्यांनी (२००८) पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत, पंधरा खेपांत, ४० ग्रे पुरेसे असल्याचे दाखविले. 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने (२०२०) पाच दिवसांत २६ ग्रे देण्याची पद्धत पाच वर्षांच्या निरीक्षणात त्या तोडीची ठरविली. दुसरा प्रवाह, संपूर्ण स्तनाऐवजी गाठीच्या जागेपुरताच उपचार. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात २००० पासून निवडक रुग्णांमध्ये किरणोत्सर्गी उगम ऊतींत नेऊन असा अंशतः उपचार होऊ लागला; केन्सची सुई एका अर्थी परत आली. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या 'गॅमापॉड' या केवळ स्तनासाठीच्या यंत्रात पालथ्या झोपलेल्या रुग्णाचा स्तन निर्वात पेल्यात स्थिर केला जातो. किरणांचा उगम तेथे पुन्हा कोबाल्टच आहे, ही गोष्ट कोबाल्टला कालबाह्य मानणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

दोन्ही प्रवाहांचा पडताळ्यावर होणारा परिणाम साध्या अंकगणिताने समजतो. पंचवीस खेपांपैकी एका दिवशी लक्ष्य पूर्ण चुकले, तर चार टक्के मात्रा वाया जाते. पाचांपैकी एका दिवशी चुकले, तर वीस टक्के. दिवसागणिक इकडे-तिकडे होणाऱ्या चुका पंचवीस दिवसांत परस्परांना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. पाच दिवसांत त्यांना ती संधी नसते. जुन्या साप्ताहिक फिल्मच्या प्रथेत पहिल्या आठवड्यात आढळलेली चूक दुसऱ्या आठवड्यापासून दुरुस्त करता येई. पाच दिवसांच्या उपचारात दुसरा आठवडाच नाही. तेथे पडताळा रोज हवा, आणि तो बटण दाबण्यापूर्वी हवा. उपचार सुरू करण्याआधी संपूर्ण साखळीची, म्हणजे सीटी स्कॅनपासून किरण सुटेपर्यंतची, कृत्रिम प्रतिकृतीवर तालीम घेणे आणि यंत्राचे फिरते केंद्र एका लहान धातूच्या गोळीच्या छायेने तपासणे, ही १९८८ मध्ये विन्स्टन व लुट्झ यांनी वर्णिलेली कसोटीही, याच कारणाने महत्त्वाची झाली आहे.

वर्धेची परिस्थिती

वर्धा जिल्ह्याचा वैद्यकीय इतिहास सेवाग्रामशिवाय सांगता येत नाही. 'हिंद स्वराज'मध्ये (१९०९) रुग्णालयांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींवर १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती चालू असताना वीज गेली आणि कर्नल मॅडॉक यांना कंदिलाच्या उजेडात काम पूर्ण करावे लागले. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले. कस्तुरबांच्या निधनानंतर तेथे १९४५ मध्ये स्त्रिया व बालके यांच्यासाठी पंधरा खाटांचे रुग्णालय सुरू झाले. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. खेड्यासाठीचे वैद्यकीय शिक्षण हा तिचा हेतू होता. हंगामात कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा करून गावाला आरोग्य विमा देण्याचा या संस्थेचा प्रयोग प्रसिद्ध आहे. आज या संस्थेत किरणोपचाराचा विभाग आहे, तसेच सावंगी (मेघे) येथेही कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. २०१० पासून जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सेवाग्राम येथून होते. महाराष्ट्र शासनाची जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. किरणोपचाराचा खर्च त्या योजनेत समाविष्ट आहे.

म्हणजे यंत्र जवळ आले आणि बिलाची चिंताही अंशतः हलकी झाली. उरला तो दिवसांचा प्रश्न. आणि पाच दिवसांची सोय रोजच्या पडताळ्याशिवाय देता येत नाही. त्या पडताळ्यासाठी प्रतिमा घेणारे यंत्र लागते, तसाच ती प्रतिमा पाहून थांबण्याचा अधिकार असलेला तंत्रज्ञही लागतो. रांगेत चाळीस रुग्ण बसलेले असताना 'आज तीन मिलिमीटर सरकले आहे, पुन्हा झोपवा' असे म्हणण्याची मुभा त्याला असली पाहिजे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००५ च्या सुमारास विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र अशा ठिकाणांचा विचार करूनच घडले. कोबाल्टचे किरण विजेवर अवलंबून नसतात. १९२४ च्या कंदिलाची आठवण असलेल्या प्रदेशात या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु रोजच्या प्रतिमेची सोय रेखीय त्वरकाशी अधिक सहजपणे जोडली गेली, आणि साधेपणा व पडताळा यांपैकी काय आधी विकत घ्यावे, हा निर्णय जिल्ह्याच्या रुग्णालयांपुढे उभा राहिला. योजनांच्या दरपत्रकात उपचाराच्या खेपा मोजल्या जातात. त्या खेपेपूर्वी तपासणीत गेलेली पंधरा मिनिटे मात्र कोणाच्याही हिशेबी धरणे कठीण जाते.

इतिहासाच्या अभ्यासकासमोर आणखी एक अडचण आहे. कर्करोग नोंदवहीत गाव, वय, रोगाची जागा व निदान यांच्या नोंदी राहतात. टेबल रोज किती मिलिमीटर सरकविले, हे आकडे यंत्राच्या संगणकात साठतात आणि यंत्र निकाली निघाले की त्याच्या प्रणालीबरोबर वाचण्याच्या पलीकडे जाण्याचा धोका असतो. वर्ध्यातील स्त्रियांवर धरलेल्या नेमाचा इतिहास पुढे कोणास लिहावयाचा झाल्यास त्याला हेच आकडे लागतील. ते उपचाराच्या कागदी नोंदीबरोबर, रुग्णाच्या नावाविना, सेवाग्राम व सावंगी येथील ग्रंथालयांत ठेवण्याची व्यवस्था दोन्ही यंत्रे चालू असतानाच करता येण्याजोगी आहे.